पाचच्या आधीची तालीम

आमच्या वाद्यवृंदात माझ्या अकॉर्डियनचा स्वर घेतल्याशिवाय कोणी आपले वाद्य लावत नसे. हा नियम मी घातलेला नव्हता. तो वाद्यानेच घातला होता. माझे अकॉर्डियन चाळीस वर्षांचे आहे. त्याच्या आतल्या स्वरपट्ट्या किंचित उतरल्या आहेत आणि त्या घासून पुन्हा जागेवर आणणारा कारागीर आमच्या शहरात उरलेला नाही. व्हायोलिनची तार सैल करता येते, क्लॅरिनेटचा वरचा सांधा थोडा बाहेर ओढून त्याचा आवाज उतरवता येतो. अकॉर्डियन मात्र जिथे आहे तिथेच राहते. तेव्हा सरकायचे ते इतरांनी. एकोणीस वर्षे ते सरकत आले होते. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी पट्टा खांद्यावर घ्यावा, भाता उघडून एक लांब स्वर द्यावा, आणि मगच तालीम सुरू व्हावी, अशी रीत होती.

म्हणूनच त्या गुरुवारी चष्मेवाल्याच्या क्लॅरिनेटकडे माझे लक्ष गेले. सांधा पूर्ण आत बसलेला होता.

चष्मेवाला म्हणजे चौकातल्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक. दुकानामागच्या डोळे तपासायच्या खोलीत आमची तालीम होते. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, समोर आरसा, मध्ये ती वरखाली होणारी खुर्ची. त्या खुर्चीवर मी बसते; बाकीचे स्टुलांवर. मी स्वर दिला आणि त्याने घाईघाईने सांधा नखभर बाहेर ओढला.

“काय हो, आज कोणाच्या सुरात लावून आलात?” मी विचारले.

“छे हो मेट्रनबाई. पुसायला काढलं होतं, तसंच बसवलं.”

पुसायला काढलेल्या वाद्याच्या तोंडाची वेताची पट्टी कोरडी असते. त्याची ओली होती. एरवी ती भिजवण्यासाठी तो दहा मिनिटे तोंडात धरून बसतो, आणि ती दहा मिनिटे तो बोलू शकत नाही याबद्दल आम्ही सगळे मनोमन त्या पट्टीचे आभार मानतो. त्या दिवशी तो मी आल्यापासून बोलत होता.

मग मी दुसरीकडे पाहिले. दातांच्या डॉक्टरीणबाई व्हायोलिन वाजवतात. त्यांनीही माझा स्वर कानावर पडताच चारही खुंट्या एकाच दिशेने पिळल्या, खाली. म्हणजे दोघेही चढ्या स्वरात लावून बसलेले होते, आणि दोघांचा स्वर एकच होता. दोन वाद्ये आपोआप एका स्वरात येत नाहीत. त्यांना तो कोणीतरी द्यावा लागतो. मी तर नुकतीच दारातून आत आले होते.

मी एकतीस वर्षे रुग्णालयात मेट्रन होते. वॉर्डात पाऊल टाकताच कुठली खाट रात्रभर हलली आणि कुठल्या परिचारिकेने तक्ता न पाहताच भरला, हे मला विचारावे लागत नसे. त्या खोलीत कुठेतरी पाणी मुरत होते. तरी मी नेहमीसारखी तालीम घेतली. आमची ‘गिरकी’ वाजवली. ही तीन मात्रांची, तीन भागांची, शेवटच्या भागात भरधाव सुटणारी चाल आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. चष्मेवाला म्हणाला, “वा.”

हे ‘वा’ मला गेले काही महिने खटकत होते. पूर्वी आम्ही भांडत असू. एका मात्रेवरून डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे माझ्याशी अबोला धरला होता, आणि माझे धाकटे दीर, जे आमच्याकडे ड्रम वाजवतात, एकदा काठ्या फेकून घरी गेले होते. दुसऱ्या गुरुवारी त्याच काठ्या घेऊन परत आले होते आणि त्या दिवशी आम्ही फार छान वाजवले होते. हल्ली मी काहीही सांगितले तरी ‘हो’ येत असे. सलग तीनदा ‘हो’ म्हणणारे माणूस काहीतरी लपवत असते. तालमीहून घरी येताना मला थकवा येई, आणि हे सोडून द्यावे असा विचारही एक-दोनदा मनाला शिवून गेला होता. पण आता ते शक्य नव्हते. माझ्या जागी कोणी आणून बसवण्याचा घाट घातला जात असेल, तर मी स्वतःहून उठणे म्हणजे त्यांचे काम सोपे करणे. सोडायचे तर मी सोडीन. मला कोणी सोडायला लावायचे नाही. येत्या शनिवारी वाचनालयाच्या अंगणात आमचा कार्यक्रम होता. त्याआधी मला छडा लावायचा होता.

सुरुवात घरापासून केली. माझी सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षांपूर्वी ती आमच्यात आली ती अकॉर्डियन उचलायला आणि माझ्या स्वरलिपीची पाने उलटायला. वाजवताना माझे दोन्ही हात गुंतलेले असतात. मी मान हलवली की ती पान उलटते. गेले कित्येक गुरुवार मात्र ती मला सोबत नेत नव्हती. “आई, आज लॅबमध्ये उशीर आहे, मी परस्पर येते, तुम्हाला हे सोडतील,” असे सांगून जाई, आणि मुलगा मला व माझे वाद्य गाडीतून आणून सोडी तेव्हा ही तिथे आधीच बसलेली असे. ज्या बाईला उशीर आहे, ती लवकर कशी पोचते?

रविवारी तिची पिशवी मेजावर होती. मी पिशव्या उघडत नाही. पण कागद अर्धे बाहेर आलेले असतील तर माणसाने डोळे मिटून घ्यावेत, असेही नाही. ‘गिरकी’चे कागद होते ते, क्लॅरिनेटचे आणि व्हायोलिनचे, आणि त्यांवर पेन्सिलीने काढलेल्या बारीक कमानी होत्या. दुसऱ्या भागात दोन. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी एक मोठी. त्यानंतर दर ओळीला एक. माझ्या कागदांवर अशी एकही खूण नव्हती.

मंगळवारी दीर नेहमीप्रमाणे चहाला आले. ते निवृत्त घड्याळजी. खोटे बोलायला माणसाला जी थोडी चपळाई लागते ती त्यांच्यात लहानपणापासून नाही.

“भावजी, चष्मेवाल्याकडे हल्ली दुसरं कोणी येतं का वाजवायला?”

“दुसरं? दुसरं कोण?”

“तेच मी विचारतेय.”

“नाही बुवा. आपण पाचजण, तेवढेच.”

“पाच? मी, तुम्ही, चष्मेवाला, डॉक्टरीणबाई. पाचवी पानं उलटते. तिला तुम्ही कधीपासून वादकांत मोजायला लागलात?”

भावजींनी बिस्किट चहात बुडवले आणि ते पार विरघळेपर्यंत तिथेच धरून ठेवले.

“वहिनी,” ते अखेर म्हणाले, “तुम्ही मेट्रन होतात की फौजदार?”

“काम एकच असतं. फौजदाराला पांढरे कपडे मिळत नाहीत, इतकंच.”

“मला घरी जरा काम आहे,” असे म्हणून ते उठले. एकटा राहणारा, निवृत्त, मंगळवारचा माणूस. घरी काम आहे म्हणे.

बुधवारी मी डोळे तपासायला गेले. डोळ्यांना काही झालेले नव्हते. पण तालमीखेरीज ती खोली मला पाहायची होती आणि त्या खोलीत शिरायला याहून सभ्य वाट नव्हती. चष्मेवाल्याने मला खुर्चीत बसवले, डावा डोळा झाकला.

“वाचा.”

मी वाचत गेले. अक्षरे मुंगीएवढी झाली.

“आणि शेवटची ओळ?”

“शेवटची राहू द्या. त्या कपाटामागून दोन लोखंडी पाय बाहेर आलेत, ते मला न वाचता दिसताहेत. काय आहे ते?”

“कुठे? ते होय. स्टँड आहे.”

“कशाचा?”

“मशीनचा. डोळ्यांच्या.”

“आणि त्या डोळ्यांच्या मशीनला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात?”

चादर अर्धवट सरकली होती. त्याने मागे वळून पाहिले आणि मग माझ्याकडे पाहायचे टाळले.

“मेट्रनबाई, आता उजवा झाका.”

“नंबर वाढलाय का माझा?”

“नाही. नजर फारच चांगली आहे तुमची.”

“हे तुम्ही दुःखाने सांगताय.”

तो हसला नाही. मला जे कळायचे होते ते कळले होते. विजेवर चालणारा की-बोर्ड. त्याचा स्वर कधी उतरत नाही, त्याला कारागीर लागत नाही, आणि कोणीही येऊन त्याच्यापुढे बसू शकते. माझी जागा भरली गेली होती. फक्त मला कळवायचे राहिले होते. बहुधा शनिवारचा कार्यक्रम उरकला की कळवणार होते, एखादे कौतुकाचे भाषण करून. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला तो एवढ्यासाठी की सून त्यात सामील होती.

गुरुवारी मी साडेतीनला घरून चालत निघाले. मुलाला सांगितले, “मी फोन करीन तेव्हा वाद्य घेऊन ये, त्याआधी नाही.” तो “हो आई” म्हणाला. त्याचेही ‘हो’ मी लक्षात ठेवले.

चष्म्यांच्या दुकानाच्या दाराला वर घंटी आहे. मी दार बोटभर उघडले, आत हात घालून घंटीची जीभ धरली आणि मग आत गेले. पुढे कोणी नव्हते. मांडण्यांवरून शेकडो रिकामे चष्मे माझ्याकडे पाहत होते. मागच्या खोलीचे दार लोटलेले होते आणि आत ‘गिरकी’ चालू होती. माझ्याशिवाय. चढ्या स्वरात.

मी कान दिला. क्लॅरिनेट, व्हायोलिन, भावजींचा ड्रम. आणि माझ्या जागी की-बोर्डवर कोणीतरी. पहिला भाग त्या व्यक्तीने बरा वाजवला, मी नाही म्हणणार नाही. दुसऱ्या भागात ती अडखळली. मला बरे वाटले, तेही कबूल करते. चढत्या ओळीत तिची अनामिका वेळेवर उठत नव्हती, हे मला दाराबाहेरूनही कळत होते. एक स्वर मागच्याला चिकटून येत होता. चार ओळींनी पुन्हा तेच. ‘ही कच्ची आहे,’ मी मनाशी म्हटले. ‘एकोणीस वर्षांनी यांनी माझ्या जागी आणली ती अशी?’ तिसऱ्या भागाच्या तोंडाशी तर तिने सरळ मान टाकली. वाद्य थांबले, एक पूर्ण मात्रा रिकामी गेली, आणि मग कुठे तिने पुढचा स्वर धरला. एखाद्या शिकाऊ परिचारिकेने इतक्या ठिकाणी हात आखडता घेतला असता तर मी तिला पुन्हा पहिल्या वर्षात बसवले असते.

आश्चर्य पुढेच होते. ती थांबली तेव्हा बाकीचेही थांबले. भावजींची काठी वरच्या वर राहिली असावी, कारण ठोका आला नाही. आणि तिने स्वर धरला त्या क्षणी तिघेही तिच्याबरोबर निघाले. एका जिवाने थांबले, एका जिवाने निघाले. इतक्या कच्च्या बाईला हे इतके का सांभाळून घेत आहेत?

पुढच्या ओळीत ती पुन्हा थांबली, आणि स्वर धरण्याआधी तिने घसा खाकरला. “हं.”

आत हशा पिकला.

“अगदी! अगदी तस्संच ‘हं’!” डॉक्टरीणबाईंचा आवाज. “फक्त थोडं रागात हवं.”

“रागात नाही हो, डॉक्टर.” हा आवाज माझ्या सुनेचा होता, आणि तो की-बोर्डच्या बाजूने आला. “आईंचं ‘हं’ कसं असतं माहितीये? ‘चूक तुमची आहे, मी सांभाळून घेतेय.’ असं. हं!”

पुन्हा हसले सगळे. भावजी सर्वांत जास्त.

काउंटरवर ग्राहकांसाठी गोल आरसा ठेवलेला आहे. त्यासमोर मी उजवा हात धरला आणि अनामिका उचलून पाहिली. उचलली जाते. पण आधी सांगावे लागते, आणि सांगितल्यावर ती थोडा विचार करते. जिला मी पहिल्या वर्षात बसवायला निघाले होते ती बाई कोण, हे तेव्हा मला कळले.

मी दार ढकलले.

“चालू द्या,” मी म्हटले. “तिसऱ्या भागापासून घ्या. घसा मी खाकरते.”

कोणी हलले नाही. सून स्टुलावरून अर्धी उठली होती आणि तशीच राहिली होती. तपासणीची खुर्ची, म्हणजे माझी खुर्ची, मोकळी होती. निदान तेवढे तरी तिने पाळले होते.

“आई, तुम्ही… सव्वाचारच झालेत.”

“मला घड्याळ कळतं. हे कधीपासून चाललंय?”

चष्मेवाल्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिले, त्यांनी भावजींकडे, आणि भावजींना पाहायला कोणी उरले नाही.

“आठ महिने,” ते म्हणाले. “रुग्णालयाच्या कार्यक्रमानंतर.”

तो कार्यक्रम मला चांगला आठवत होता. तिसऱ्या भागात सगळे माझ्या पुढे निघून गेले, चालीच्या चिंध्या झाल्या, आणि घरी परतताना मी अर्धा तास सर्वांना फैलावर घेतले होते.

“त्या दिवशी तुम्ही घाई केलीत,” मी म्हटले.

“वहिनी, घाई कोणी केली नव्हती.”

मग ड्रमवरचा काल्पनिक धुरळा पुसत ते म्हणाले, “मी आयुष्यभर लोकांची घड्याळं वेळेवर आणली. गेले आठ महिने मी मुद्दाम मागे चालतोय. दर गुरुवारी चार वाजता येऊन मागे कसं चालायचं त्याचा सराव करतोय. तो मोठा त्रास आहे, हे तुम्हाला सांगून ठेवतो.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“चिठ्ठ्या टाकल्या होत्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“कोणाचं नाव निघालं?”

“माझं,” चष्मेवाला म्हणाला. “काल तुम्ही आलात. मला वाटलं, खुर्चीत बसल्या आहेत, एक डोळा झाकलेला आहे, हीच वेळ. पण तुम्ही त्या स्टँडच्या मागे लागलात. राहून गेलं.”

आता सुनेला कंठ फुटला. तिने सांगितले ते साधे होते. पान उलटायचे तर मी शेवटच्या स्वरावर केव्हा पोचणार, हे तिला माझ्याही आधी कळावे लागते. दोन वर्षे माझ्या बोटांकडे पाहून मी कुठे किती थांबते ते तिला पाठ झाले होते. घरच्या घरी की-बोर्डवर ती माझा भाग शिकली, थांबण्यांसकट. मग इतरांच्या कागदांवर कमानी काढून दिल्या. दर गुरुवारी पाऊण तास ती माझ्यासारखी वाजवी आणि बाकीचे तिच्याबरोबर अडखळायला शिकत. म्हणजे पाच वाजता मी आले की मला काही कळू नये. जसजशी मी नव्या जागी थांबू लागे, तसतशी ती नवी कमान काढी.

“वाईट वाटून घेऊ नका, आई. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच…”

मी एकतीस वर्षे नातेवाइकांना दाराबाहेर नेऊन बजावत आले होते, की आत जाताना चेहरे नीट ठेवा, रुग्णाला संशय येता कामा नये. सगळे ‘हो’ म्हणणारे, कोणी न भांडणारे, एकमेकांकडे पाहून गप्प होणारे, असे चेहरे मी हजारोंनी पाहिले आहेत आणि ते कशाभोवती जमतात ते मला ठाऊक आहे. इथे आठ महिने ते माझ्याभोवती जमले होते, आणि मी खोलीत चोर शोधत होते.

तरीही मी सहजासहजी विश्वास ठेवणारी नाही.

“आणि हसत होतात ते?”

“हसलो,” डॉक्टरीणबाईंनी मान वर करून सांगितले. “खोटं कशाला बोलू? पाऊण तास दुसऱ्याच्या चुका घोकायच्या म्हटल्यावर मध्ये हसायला येतंच.”

गेल्या आठ महिन्यांत त्या माझ्याशी बोललेले हे पहिले सरळ वाक्य होते. मला ते आवडले.

“मजा येते का या सगळ्यात?” मी विचारले. “चारच्या तालमीत?”

“नाही,” त्या म्हणाल्या.

“पाचच्या?”

चष्मेवाला क्लॅरिनेटच्या चाव्या मोजत होता.

“मग कधी येते?”

“मध्ये,” भावजी म्हणाले. “पावणेपाच ते पाच. चारचं संपतं आणि तुम्ही यायच्या असता. तेव्हा आम्ही ‘गिरकी’ एकदा आमची आमची वाजवतो. तिच्या चालीने.”

“काका!” सून भावजींना म्हणाली.

“अगं, विचारतायत त्या. मी काय करू?”

मी स्टूल ओढून भिंतीशी बसले. “वाजवा.”

“वहिनी, आता कसं—”

“मी विनंती करत नाहीये.”

त्यांनी वाजवले. सुरुवातीला मान खाली घालून, शाळेत फळ्यापुढे उभे केलेल्या मुलांसारखे. पहिला भाग संपेपर्यंत माझ्या अस्तित्वाचा त्यांना त्रास होत होता. दुसऱ्या भागात भावजींनी काठ्या सैल सोडल्या. तिसरा सुरू झाला तेव्हा सून थांबली नाही. तिने ती ओळ अशी उचलली की चष्मेवाला मागे पडला, धडपडला, एक स्वर साफ चुकला, आणि चुकलेल्या स्वरासकट धावत जाऊन त्यांना मिळाला. मला तिथेच थांबवावेसे वाटले. हात वर झालाही होता. डॉक्टरीणबाई फार जोरात वाजवत होत्या, शेवटच्या चार ओळींत लय सरळसरळ पळत होती, आणि सुनेचा डावा हात अजून कच्चा आहे. पण त्या चौघांपैकी एकालाही त्याचे काही वाटत नव्हते. चूक झाली की ते एकमेकांकडे पाहून हसत, आणि पुढे जात. शेवटचा स्वर चौघांनी चार वेळा संपवला.

मी बसल्या बसल्या आठवत होते, की तालमीहून आनंदात घरी मी शेवटची कधी गेले. आठवेना. गेले आठ महिने तर मी वाजवत नव्हतेच. पाळत ठेवत होते. त्याआधीही किती महिने मी नुसती चुका टिपत बसले होते, याचा हिशेब लागेना. आणि हे लोक मला सांभाळत होते, जसे एखाद्या मोठ्या घरच्या रुग्णाला सांभाळतात. मला आयुष्यात कोणी सांभाळलेले नाही. ते आता, चाळीस वर्षांचे वाद्य खांद्यावर घेऊन, तीन मात्रांच्या चालीत, मला सुरू होऊ द्यायचे नव्हते.

मी फोन काढला आणि मुलाला लावला. त्यांच्यासमोरच.

“वाद्य आणू नकोस,” मी म्हटले. “आज नको. शनिवारीही नको. नाही, मला बरं आहे. मी वाद्यवृंद सोडला. हो, आत्ता. संध्याकाळी बोलू.”

फोन ठेवला. आणि मग तिघे म्हणाले, “असं कसं? तुमच्याशिवाय वाद्यवृंद कसला?”

शब्द तेच, एका दमात, एका क्षणी. माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. याचाही सराव झाला होता की काय? मी एकेकाचा चेहरा निरखला. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर दुःख होते, पण खांदे खाली आले होते. डॉक्टरीणबाई रुमाल शोधत होत्या. तो हातातच होता. सुनेचे डोळे भरले होते आणि हात अजून पट्ट्यांवर होते. त्यांत खोटे काही नव्हते, खरेही पुरते नव्हते. सुटका आणि वाईट वाटणे ही दोन्ही एका चेहऱ्यावर एकाच वेळी मावतात. दवाखान्यात मी ते फार पाहिले आहे आणि त्याबद्दल कधी कोणाला दोष दिलेला नाही.

भावजी काठ्या पुसत होते.

“तुम्ही नाही म्हणालात काही,” मी म्हटले.

“बरं झालं, वहिनी,” ते म्हणाले. “आता मंगळवारी चहा पिताना माझा हात कापणार नाही.”

तिघेही त्यांच्याकडे संतापाने पाहू लागले. मला हसू आले. ते मी आवरले, कारण निघताना माणसाने फार मऊ होऊ नये.

“शनिवारी तू वाजवशील,” मी सुनेला सांगितले. “थांबायचं नाही. एकाही कमानीपाशी नाही. त्या खुणा खोडून टाक आणि नवे कागद कर. डावा हात मी घरी बघीन. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी.”

“हो, आई,” ती म्हणाली. मग स्वतःशीच चमकली आणि म्हणाली, “रोज नाही जमणार. आठवड्यातून दोनदा.”

“तीनदा.”

“दोनदा, आई.”

“बघू,” मी म्हटले आणि बाहेर पडले.

फुटपाथवर ऊन होते. शेजारच्या दुकानदाराने खोकी बाहेर काढून ठेवली होती, त्यांना वळसा घालून मी चार पावले चालले आणि थांबले. मागे काहीच ऐकू येत नव्हते. पावणेपाच व्हायला आले होते. म्हणजे त्यांची हक्काची वेळ. ठोका नाही, स्वर नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून कान दिला. ते वाजवत नव्हते. मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाजवायचे नाही, असे त्यांनी आत डोळ्यांनी ठरवलेले होते, हे मला भिंतीपलीकडून दिसत होते. मला पुन्हा सांभाळणे सुरू झाले होते.

मी परत फिरले, दुकानाचे दार सताड उघडले आणि मागच्या खोलीपर्यंत पोचेल अशा आवाजात, ज्या आवाजाने एकेकाळी तीन मजले जागे होत असत, म्हटले,

“मी गेले आहे! वाजवा!”

आत काहीतरी पडले. मग भावजींनी तीन ठोके दिले आणि ‘गिरकी’ सुरू झाली, थोडी घाईत, अजून भीत भीत. दुसऱ्या भागात ती सावरेल असे मला वाटले, पण ते पाहायला मी थांबले नाही. सिग्नल लाल होता. मी तो हिरवा होईपर्यंत उभी राहिले आणि रस्ता ओलांडून घरी गेले.